वरिष्ठांची दादागिरी आणि आपली स्टाफरूम



आपण दरवर्षी वर्गात एक पाठ हमखास शिकवतो, मग तो पुस्तकात असो वा नसो. कोणी चिडवत असेल, ढकलत असेल, डबा हिसकावून घेत असेल तर गप्प बसू नका. बाईंना सांगा, सरांना सांगा, घरी सांगा. मुले माना डोलावतात आणि खरेच येऊन सांगतातही.

आता मला सांगा, असाच त्रास आपल्याला मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये होतो तेव्हा आपण कोणाला सांगतो? बहुतेक वेळा कोणालाच नाही. फार तर रात्री जेवताना घरी विषय निघतो आणि "जाऊ दे, चालायचंच" म्हणून संपतो. सकाळी पुन्हा तीच शाळा, तेच मस्टर, तीच छातीतली धडधड.

आज मला या विषयावर लिहायचे आहे. ऑफिसातल्या "बॉस"बद्दल बरेच लिहिले जाते, शाळेतल्या बॉसबद्दल मात्र आपण शिक्षकच लिहीत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगते. दादागिरी करणारा वरिष्ठ दोन गोष्टींच्या जोरावर टिकतो. पहिली, त्याचे बहुतेक हुकूम तोंडी असतात. दुसरी, ज्याला तो धरतो तो माणूस एकटा पडलेला असतो. म्हणून उलट बोलून भांडणे किंवा निमूट सोसणे या दोन्हींपेक्षा तिसरी वाट चांगली आहे. तोंडी गोष्ट कागदावर आणायची आणि एकट्याची गोष्ट दोघातिघांची करायची. सांगायला सोपे आहे, करायला धीर लागतो. तो कसा गोळा करायचा ते पाहू.

कडक कोण आणि दादागिरी कोणाची?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. प्रत्येक कडक मुख्याध्यापक त्रास देणारा नसतो. वेळेवर या म्हणणे, टाचण वही मागणे, वर्गात येऊन पाठ पाहणे, वह्या का तपासल्या नाहीत हे विचारणे, हे त्यांचे कामच आहे. आपल्यापैकी अनेकांना घडवले ते अशाच कडक हेडसरांनी किंवा मोठ्या बाईंनी. त्यांचे बोलणे त्या दिवशी लागले असेल, पण वर्षभराने उपयोगी पडले.

मग फरक ओळखायचा कसा? मी स्वतःला तीन प्रश्न विचारते.

१. हा नियम सगळ्यांना आहे की एकालाच? दहा मिनिटे उशीर झाला म्हणून सगळ्यांच्या नावापुढे लाल शेरा पडत असेल तर ती शिस्त. चौघे उशिरा आले आणि शेरा एकीच्याच नावापुढे पडला, तर ती शिस्त नाही.

२. बोलणे कामाबद्दल आहे की माणसाबद्दल? "तुमचा अपूर्णांकाचा पाठ मुलांना समजला नाही" हे कामाबद्दल झाले. "तुम्हाला नोकरी कोणी दिली?", "खेड्यातून आलात, तुमची भाषाच तशी", "मूल लहान आहे तर घरी बसा ना" हे माणसाबद्दल झाले.

३. सुधारायला वाट दिली आहे का? चांगला वरिष्ठ दार लावून चूक सांगतो आणि काय करायचे तेही सांगतो. दुसऱ्या प्रकारचा वरिष्ठ चूक मुलांसमोर, पालकांसमोर, नाहीतर शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगतो आणि उपाय विचारला की म्हणतो, "ते तुमचं तुम्ही बघा."

एखाद्या दिवशी असे घडले तर ते माणसाचे चिडणे समजावे. मुख्याध्यापकांवरही दडपण असते. वरून संस्थेचे फोन, पंचायत समितीकडून दुपारी दोनला येणारा आणि चारपर्यंत माहिती मागणारा मेसेज, यू-डायसचे काम, पोषण आहाराचा हिशेब. हे सगळे खरे आहे. पण तेच माणूस, तीच लक्ष्य, तेच शब्द असे महिनोन्‌महिने चालले असेल तर त्याला "कामाचा ताण" म्हणू नये. ती दादागिरी आहे. आणि ती फक्त आरडाओरड्यातूनच होते असे नाही. अर्जावर सहीच न करता किरकोळ रजा लटकवून ठेवणे, वेळापत्रकात रोज शेवटचे तास लावणे, सगळे बदली तास एकाच्याच माथी मारणे, "गोपनीय अहवाल माझ्या हातात आहे" हे हसत हसत ऐकवणे, सभेत त्या व्यक्तीचे बोलणे चालू असताना मोबाईल पाहणे. यात आवाज चढत नाही, पण माणूस आतून पोखरला जातो.

आपण गप्प का बसतो?

कारणे खरी आहेत, त्यांना घाबरटपणा म्हणून मोडीत काढू नये. शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात. २०२३ मध्ये मानधन वाढल्यावरही प्राथमिकला ते दरमहा १६,००० रुपये झाले. त्याआधी भरतीची वाट पाहण्यात वय गेलेले असते. तीन वर्षे सरळ पार पडली तरच पुढची वेतनश्रेणी. अशा माणसाला "अन्यायाविरुद्ध उभे राहा" असे भाषण देणे सोपे असते, त्याच्या घरचा किराणा आपण भरत नसतो. विनाअनुदानित शाळेत आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची स्थिती याहून नाजूक. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे कार्यालयात ठेवून घेतात. काही ठिकाणी बँकेत जमा झालेल्या पगारातला काही भाग रोखीने परत द्यावा लागतो. त्यावर बोलणार कोण?

दुसरे कारण आपल्या संस्कारांत आहे. मोठ्यांना उलट बोलू नये. वरिष्ठांचा मान ठेवावा. हा संस्कार चांगलाच आहे, पण मान ठेवणे आणि अपमान गिळणे यांत अंतर आहे. ते अंतर आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

तिसरे कारण जरा कडू आहे. केबिनमधून आवाज येतो तेव्हा स्टाफरूममध्ये काय होते? सगळे वह्यांत डोके घालतात. मनात एकच विचार, "बरं झालं, आज माझी पाळी नाही." ती व्यक्ती लाल डोळ्यांनी बाहेर येते तेव्हा कोणी पाण्याचा ग्लास पुढे करतो, पण "मी ऐकलं, ते चुकीचं होतं" एवढे वाक्य कोणी बोलत नाही. चार दिवसांनी तिच्याबरोबर डबा खाणारेही कमी होतात, कारण तिच्याशेजारी दिसले तर आपलेही नाव लागेल. त्रास देणाऱ्या माणसाला हे नेमके ठाऊक असते.

पहिले काम: तोंडी गोष्ट कागदावर आणा

एक साधी वही घ्या. ती घरी ठेवा, शाळेच्या कपाटात नको. ज्या दिवशी काही घडेल त्याच रात्री लिहा. पण कसे लिहायचे? "आज सरांनी फार अपमान केला, खूप वाईट वाटले" असे लिहून मन हलके होईल, पुढे उपयोग होणार नाही. असे लिहा:

"गुरुवार. दुसरा तास, आठवी अ. मुख्याध्यापक वर्गात आले. फळ्यावरचे उदाहरण पाहून मुलांसमोर म्हणाले, 'तुम्हाला बी.एड. कोणी दिलं?' वर्गात ४२ मुले होती. दारात शिपाईमामा होते. मी काही बोलले नाही."

दिनांक, वेळ, जागा, नेमके शब्द, तिथे कोण होते. विशेषणे नकोत. दोन-तीन महिन्यांनी ही वही तुम्हीच वाचलीत की दोन गोष्टी कळतील. एक तर प्रकार वाटला त्याहून कमी असेल, मग मनावरचे ओझे उतरेल. नाहीतर त्यात एक ठरावीक पद्धत दिसेल आणि "मीच फार मनाला लावून घेते का?" हा प्रश्न सुटेल. माझ्या मते या वहीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. सतत टोचून बोलणारा माणूस आपला स्वतःवरचा विश्वास आधी काढून घेतो. वही तो परत देते.

दुसरे, विचित्र तोंडी हुकूम आला की नम्रपणे लेखी मागा. भांडायचे नाही, नकारही द्यायचा नाही. नमुना देते:

"महोदय, उद्यापासून सातवी 'ब'चे विज्ञानाचे तास न घेता कार्यालयात बसून ऑनलाइन माहिती भरण्याची तोंडी सूचना आज आपण मला दिली. त्यामुळे सातवी 'ब'चे आठवड्याचे सहा तास रिकामे राहतील. या तासांची व्यवस्था काय करावी व ही सूचना किती दिवसांसाठी आहे, हे कृपया लेखी कळवावे, ही विनंती."

यात एकही कडक शब्द नाही. पण हा कागद आवक रजिस्टरला चढला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन पोच आपल्याकडे राहिली, की हुकूम देणाऱ्याला विचार करावा लागतो. सहीनिशी द्यायला अनेक हुकूम लाजतात. लिपिक कागद घेत नसतील तर ईमेल करा किंवा पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

तिसरे, कारणे दाखवा नोटीस किंवा मेमो आला तर घाबरून फाडू नका आणि रागाने त्याच दिवशी चार पाने लिहून देऊ नका. मुदत पाहा. मुद्द्याला मुद्दा असा छोटा खुलासा द्या. खुलासा न देणे सगळ्यात वाईट, कारण मग "कर्मचाऱ्याला काही सांगायचे नाही" असा अर्थ काढला जातो.

चौथे, कोऱ्या कागदावर सही नाही. कधीच नाही. आणि दबावाखाली राजीनामा लिहून देऊ नका. खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी असलेल्या १९७७ च्या कायद्यात राजीनाम्याची रीतच घालून दिली आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. केबिनमध्ये बसवून "इथे सही करा आणि मोकळे व्हा" म्हणणे या रीतीत बसत नाही, हे लक्षात ठेवा.

पाचवे, आपले काम चोख ठेवा. टाचण, वही तपासणी, मस्टरवरची सही, निकालपत्रके. ज्याला आपल्यावर बोट ठेवायचे आहे तो आधी इथेच शोधणार. हे अन्यायाचे वाटते, इतरांच्या वह्या महिनाभर पडून असतात आणि आपली एक राहिली तर गवगवा. तरीही ठेवा.

आणि तीन गोष्टी करू नका. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टोमणे मारू नका. निनावी अर्ज पाठवू नका, संशय तुमच्यावरच येतो आणि कागदाला वजनही नसते. मुलांना तर यात मुळीच ओढू नका. "सांगा रे, सर मला काय बोलले?" असे वर्गाला विचारून मुलांना साक्षीदार करणे म्हणजे आपले ओझे त्यांच्या पाठीवर टाकणे.

दुसरे काम: एकटे राहू नका

केबिनमध्ये बोलावणे आले आणि विषय वादाचा आहे हे माहीत असेल तर एका सहकाऱ्याला बरोबर घ्या. "सर, मॅडमना घेऊन आले, वेळापत्रकाचं त्यांनाही ठाऊक आहे" एवढे कारण पुरते. तिसरा माणूस खोलीत असला की आवाज आपोआप खाली येतो.

पण खरा प्रश्न त्रास होणाऱ्याला विचारण्याआधी बाकीच्यांना विचारायला हवा. तुम्ही काय करता? तुमच्या शाळेत आज कोणाचा तरी नंबर लागलेला आहे आणि तो तुमचा नाही, तर तुमची जबाबदारी जास्त आहे, कारण तुमच्यात बळ शिल्लक आहे. मोर्चा काढायची गरज नाही. सभेत एखाद्याची खिल्ली उडवली जाते तेव्हा हसू नका. वरिष्ठ शिक्षक असाल तर शांतपणे म्हणा, "सर, तो उपक्रम आम्ही तिघांनी मिळून केला होता, त्या एकट्या नव्हत्या." घटना घडली तेव्हा तिथे असाल तर तिच्या वहीत तुमचेही नाव लिहायला परवानगी द्या. दुपारी तिच्याबरोबर डबा खा. ही कामे छोटी दिसतात, पण एकटे पाडण्याचा डाव यांनीच मोडतो.

एका तालुक्याच्या गावातल्या शाळेतला प्रकार मला माहीत आहे. सगळे बदली तास एका नव्या शिक्षिकेला मिळत. तिने तक्रार केली असती तर "नवीन आहेत आणि कुरकुर सुरू" असे झाले असते. पाच जणांनी एक साधा अर्ज दिला. बदली तासांची नोंदवही स्टाफरूममध्ये लावावी आणि तास पाळीपाळीने द्यावेत, एवढीच मागणी. अर्जात कोणावर आरोप नव्हता, त्या शिक्षिकेचे नावही नव्हते. आठवड्याभरात नोंदवही भिंतीवर आली. मुख्याध्यापकांचा स्वभाव बदलला का? नाही. पण त्यांच्या हातातले एक हत्यार गेले. मला वाटते आपण स्वभाव बदलण्याच्या मागे लागूच नये. एकेक हत्यार काढून घ्यावे.

शिक्षक संघटनेचे सभासद असाल तर तिथेही वेळेवर बोला. पाणी डोक्यावरून गेल्यावर गेलात तर तेही काही करू शकत नाहीत.

कायदा काय देतो, काय देत नाही

कामाच्या ठिकाणी होणारा मानसिक छळ हा जगभरचा प्रश्न आहे. स्वीडनने १९९३ मध्ये यासाठी नियम केले, फ्रान्सने २००२ मध्ये कायदा केला आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जागी हिंसा व छळ रोखण्यासाठी करार स्वीकारला. आपल्याकडे केवळ वरिष्ठांच्या दादागिरीसाठी असा स्वतंत्र, सर्वांना लागू होणारा कायदा नाही. गंमत पाहा, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. त्याच वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या मानसिक त्रासाबद्दल तसे कलम नाही.

तरी हात रिकामे नाहीत. थोडक्यात सांगते.

महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ आणि त्याची १९८१ ची नियमावली, म्हणजे आपण ज्याला एमईपीएस म्हणतो ते, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहे. कामावरून काढले, पदावनत केले किंवा पदोन्नतीत डावलले तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. पुरेसे कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. शिस्तभंगाची चौकशी लागली तर चौकशी समितीवर एक सदस्य कर्मचाऱ्याने सुचवायचा असतो. हा हक्क सोडू नका. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी शिस्त व अपील नियम वेगळे आहेत, ते १९६४ चे.

गोपनीय अहवालाची भीती अनेकांना असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त खटल्यात म्हटले की शासकीय सेवेतील कर्मचाऱ्याला अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, म्हणजे त्याला आपले म्हणणे मांडता येईल. तेव्हा शेरा काय आहे हे लेखी विचारायला संकोच करू नका.

त्रासाचे स्वरूप लैंगिक असेल तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, त्याहून लहान शाळांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. समितीला आणखी तीन महिने मुदत वाढवता येते. अनुसूचित जाती-जमातीच्या सहकाऱ्याचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. अशा प्रकारांना "स्वभाव" म्हणून झाकू नये.

अशैक्षणिक कामाचा प्रश्नही स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. संस्थाचालकांच्या वाढदिवसाची कमान या यादीत नाही.

तक्रार करायची तर पायरीने जा. आधी मुख्याध्यापकांनाच लेखी, मग संस्थेच्या सचिवांना किंवा जिल्हा परिषद शाळेत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना, मग शिक्षणाधिकाऱ्यांना. त्या अर्जाचे काय झाले हे शिक्षणाधिकारी कार्यालयाला माहिती अधिकारात विचारता येते, उत्तराची मुदत ३० दिवस आहे. मोठा निर्णय घेण्याआधी मात्र सेवाविषयक कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवा.

पालकांनो, हे तुमच्याही कामाचे

तुम्ही म्हणाल, शिक्षकांच्या भांडणाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. सकाळी केबिनमध्ये अपमान झालेली बाई पहिल्या तासाला वर्गात जाते. तिला शिकवायचे असते, पण डोक्यात तेच शब्द फिरत असतात. शेवटच्या बाकावरचे पोर तिसऱ्यांदा तीच शंका विचारते आणि ती त्याच्यावर ओरडते. मुख्याध्यापक शिक्षकावर, शिक्षक मुलावर, ते मूल मधल्या सुट्टीत आपल्याहून लहानावर. कधी कधी तुमच्या मुलाचे "मला शाळेत जायचं नाही" हे वाक्य या साखळीच्या टोकाला असते.

शिवाय मुले पाहत असतात. त्यांच्या बाईंना वर्गात येऊन कोणी वाटेल ते बोलते आणि बाई खाली मान घालतात, हे बेचाळीस जोड्या डोळे पाहतात. बळकट माणसाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, हा धडा फळ्यावर न लिहिताच शिकवला जातो.

मूल घरी येऊन असे काही सांगेल तेव्हा हसण्यावारी नेऊ नका आणि बाईंची टिंगलही करू नका. "असं मुलांसमोर बोलायला नको होतं" एवढे सांगा. मुलाला योग्य-अयोग्य कळायला ते पुरते. तुम्हाला शाळेत जागाही आहे. विनाअनुदानित शाळा सोडल्या तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असतात. त्या सभेत कोणा एकाची बाजू घेऊ नका, शाळेबद्दल प्रश्न विचारा. दोन वर्षांत तीन शिक्षक का सोडून गेले? सातवी 'ब'चे विज्ञानाचे तास का होत नाहीत? असे प्रश्न पालकांनी विचारले की इतिवृत्तात लिहावे लागतात.

आणि एक विनंती. काही पालकही शिक्षकाशी याच सुरात बोलतात. "आम्ही फी भरतो" हे वाक्य त्यातलेच.

काहींचे म्हणणे आणि माझे उत्तर

"हे सगळं करून नोकरीवर आलं तर?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी भांडा म्हणत नाही. वही आजपासून लिहा, तिने कोणाचे काही बिघडत नाही. लेखी विनंती जपून, गरजेपुरती करा. तक्रार शेवटी, आणि तीही सोबत कोणी असताना. परिवीक्षा काळात असाल तर आणखी सावध राहा, पण सावध राहणे म्हणजे नोंद न ठेवणे नव्हे. उलट ज्याची नोकरी कच्ची, त्याला कागदाची गरज जास्त.

"त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी." असेलही. दुसरीकडे सोय होत असेल तर जाण्यात कमीपणा नाही. फक्त रडत, रागात, एका दुपारी निघू नका. अनुभवाचा दाखला, कार्यमुक्ती आदेश, सेवापुस्तकाची प्रत, मूळ प्रमाणपत्रे, राहिलेला पगार, हे हातात घेऊन जा.

"सकारात्मक विचार करा, लक्ष देऊ नका." प्रशिक्षणांत हे फार ऐकतो. ज्याला रात्री झोप लागत नाही, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, त्याला हे सांगून काय होणार? त्याला डॉक्टरकडे न्या. शासनाची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. मनाच्या त्रासासाठी मदत घेणे हे दाढदुखीसाठी जाण्याइतकेच साधे काम आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही जपून ठेवा.

आणि आज जे मुख्याध्यापक हे वाचत आहेत त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते. तुमच्यावरचे दडपण आम्हाला दिसते. पण शाळा भीतीने चालते तेव्हा अडचणी तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वर्गाचे छत गळते आहे, एक मूल आठ दिवस आलेले नाही, हे सांगायला शिक्षक केबिनमध्ये येतच नाही, कारण तिथे गेलो की बोलणी खावी लागतात. मग तुम्हाला सगळे ठीक आहे असे वाटत राहते.

येत्या सोमवारी शाळेत गेलात की इतकेच करा. तुमच्या स्टाफरूममध्ये सध्या एकटे कोण बसते ते पाहा. मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "काय चाललंय सर?" किंवा "मॅडम, बऱ्या आहात ना?" उत्तर लगेच येणार नाही कदाचित. दुसऱ्या दिवशीही बसा.